डीपग्रीन लेन, घर नंबर ४३

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लेव्हिटटाउनमध्ये पत्ता शोधायला कुणाला विचारावं लागत नसे. वस्तीचे छोटे छोटे भाग पाडलेले होते आणि भागाचं नाव ज्या अक्षराने सुरू होई, त्याच अक्षराने त्यातल्या रस्त्यांची नावं. डॉगवुड हॉलो हा भाग ‘डी’चा. तिथल्या डीपग्रीन लेनवरचं ४३ नंबरचं एकमजली, तीन बेडरूमचं घर १९५७ च्या उन्हाळ्यात विकलं गेलं. घेणारा बिल मायर्स हा दुसऱ्या महायुद्धातला माजी सैनिक. नदीपलीकडे ट्रेंटनला शीतयंत्रांचा तंत्रज्ञ म्हणून नोकरीला होता. बायको डेझी व्हर्जिनियाची, पदवीधर. दोन मुलगे आणि जेमतेम महिन्याची मुलगी. जवळच्याच वस्तीतल्या जुन्या घरात आता पाच जण मावत नव्हते, म्हणून हा सगळा खटाटोप.

१३ ऑगस्टला सामान आलं. त्या दिवशी टपाल वाटणाऱ्याने पत्रांबरोबर बातमीही घरोघरी पोचवली. रात्री घरासमोर शेकडो माणसं उभी होती आणि दर्शनी खिडकीची मोठी काच दगडांनी फुटली होती. मायर्स कुटुंब कृष्णवर्णीय होतं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या वस्तीत तोवर हजारो घरं विकली गेली होती आणि त्यात एकही काळं कुटुंब नव्हतं.

हे प्रकरण सहसा वर्णद्वेषाच्या खात्यात टाकतात आणि वही मिटतात. खातं बरोबरच आहे. पण पुढची दोन-चार पानं उलटली तर जमावातल्या माणसांच्या घरी काय होतं तेही दिसतं. तिथे नवा फ्रिज होता, वॉशिंग मशीन होतं, टीव्ही होता आणि पंचवीस-तीस वर्षं फेडायचं गृहकर्ज होतं. ती भरभराट आणि ते दगड एकाच घरातून कसे आले, एवढंच मला इथे तपासायचं आहे.

घरांचा कारखाना

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत घरांचा दुष्काळ होता. आधी मंदीची दहा वर्षं, मग युद्धाची चार. बांधकाम जवळपास थांबलेलं. सव्वा कोटीहून अधिक माणसं गणवेश उतरवून घरी परतली, त्यांची लग्नं झाली, पोरंबाळं झाली आणि बिऱ्हाड मात्र सासऱ्याच्या घरात, नाहीतर लष्कराच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकाला शिक्षणाबरोबर गृहकर्जाची सरकारी हमी दिली होती. म्हणजे पैसा तयार होता, गिऱ्हाईक तयार होतं, घर तेवढं नव्हतं.

ती जागा लेव्हिट बाप-लेकांनी भरून काढली. वडील अब्राहम, नकाशे काढणारा धाकटा आल्फ्रेड आणि विक्री, पैसा, बोलणं सांभाळणारा थोरला विल्यम. विल्यम युद्धात नौदलाच्या बांधकाम दलात होता. झटपट आणि एका साच्याची बांधकामं कशी उभी करायची हे तिथे त्याने पाहिलं होतं. १९४७ मध्ये न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतात पहिलं लेव्हिटटाउन सुरू झालं. पद्धत मोटारीच्या कारखान्याची होती, फक्त उलटी: इथे वस्तू जागेवर आणि कामगार सरकत पुढे. घर बांधायचं काम सव्वीस टप्प्यांत तोडलेलं. तळघर नाही, थेट काँक्रीटचा ओटा. ट्रक यायचा, प्रत्येक प्लॉटवर लाकूड, विटा, पाइप यांची तीच ती थप्पी टाकून पुढे जायचा. एक रंगारी नुसता पांढरा रंग मारत जायचा, दुसरा नुसता तांबडा. वॉशिंग मशीनचे बोल्ट आवळणाऱ्याला दिवसभर तेवढंच काम. ऐन भरात दिवसाला तीस घरं पुरी होत. १९५१ पर्यंत तिथे १७,४४७ घरं झाली.

१९४९ चं मॉडेल ७,९९० डॉलरला होतं. माजी सैनिकाला हातचे पैसे जवळजवळ घालावे लागत नसत आणि महिन्याचा हप्ता साठ डॉलरच्या आत. शहरातल्या दोन खोल्यांच्या भाड्याशी हे ताडून बघणारा माणूस सही करायला वेळ लावत नसे. त्यातच घराबरोबर फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, आणि १९५० पासून भिंतीतच बसवलेला टीव्ही! सगळं कर्जात धरलेलं, म्हणजे टीव्हीचे पैसेही घराच्या हप्त्यांतून वर्षानुवर्षं फिटणार. अमेरिकेत १९५० साली शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता. १९६० पर्यंत दहातल्या जवळपास नऊ घरांत पोचला. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९४० मध्ये ४४ टक्क्यांच्या आत होतं, वीस वर्षांत ते ६२ टक्क्यांवर गेलं. ही बढाई नव्हे, खरोखरच माणसांचं आयुष्य बदललं होतं. ज्याच्या बापाने जन्मभर भाड्याच्या खोलीत काढली, त्याच्या दारात आता स्वतःची हिरवळ आणि फळझाड होतं.

हिरवळीला नियम होते. गवत आठवड्याला कापायचं. नाही कापलं तर कंपनी माणूस पाठवणार आणि बिल घरमालकाला. कुंपण घालायचं नाही. कपडे वाळत घालायला दोरी नाही, फक्त फिरता दांडा चालेल, आणि शनिवार-रविवारी तोही नको. अब्राहमला बागेचं वेड होतं, तो मोटारीतून फिरून झाडांची अवस्था बघत असे. ही सगळी टापटीप घरांची किंमत टिकावी म्हणून होती आणि रहिवाशांना ती जाचक वाटलीच तरी त्यामागचा हिशेब पटत होता. शेजाऱ्याचं वाढलेलं गवत आपल्या घराचा भाव पाडतं, हे ज्ञान लेव्हिटटाउनमध्ये पहिल्याच वर्षी मिळत असे. पुढे काय झालं ते समजायला हे गवत लक्षात ठेवायला हवं.

कलम पंचवीस

लाँग आयलंडच्या पहिल्या करारनाम्यात पंचविसावं कलम होतं. गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही या घरात राहू देणार नाही, असं घेणाऱ्याने त्यात लिहून द्यायचं. पुढचं वाक्य वाचताना मी दरवेळी थांबतो: मात्र घरकामाला अन्य वंशाचे नोकर ठेवायला हरकत नाही. डीपग्रीन लेनवर पहिल्या दिवशी काही शेजाऱ्यांना डेझी मायर्स मोलकरीण वाटली. दहा वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्यांच्यातल्या किती जणांनी वाचलं असेल, कुणास ठाऊक. पण नजर त्याच कलमातली होती.

कलम लेव्हिटने घातलं, पण त्याच्या मागे सरकारचा हात होता, आणि लेव्हिटला शिव्या देऊन मोकळं होणारे लोक नेमकं हेच विसरतात. १९३४ साली स्थापन झालेलं केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन कर्जांचा विमा उतरवत असे. त्या विम्याशिवाय कुठलीही बँक एवढ्या लांब मुदतीचं, एवढ्या कमी आगाऊ रकमेचं कर्ज देणार नव्हती. कर्ज देण्याजोगं घर कोणतं हे ठरवायची त्यांची अधिकृत नियमावली होती. वस्तीत परस्परांशी न जुळणारे वांशिक गट आले तर भाव घसरतो, असं त्यात मानलेलं होतं आणि म्हणून वंशबंदीचे करार इष्ट ठरवले होते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. कलम गेलं. रिवाज राहिला.

माजी सैनिकांच्या सवलतीचंही तसंच. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज द्यायचं की नाही हे स्थानिक बँकवाला ठरवणार. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांत सरकारी हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली. त्यातली काळ्या माजी सैनिकांना मिळाली दोन.

पेनसिल्व्हेनियाचं लेव्हिटटाउन १९५२ मध्ये राहतं झालं. एकूण १७,३११ घरं. शेजारीच ‘यू. एस. स्टील’चा नवाकोरा फेअरलेस कारखाना, त्यामुळे गिऱ्हाइकांत पोलादकामगार पुष्कळ. इथे करारात वंशाचं कलम नव्हतं, फक्त कंपनी काळ्या माणसाला घर विकत नसे. १९५५ मध्ये काही काळ्या अर्जदारांच्या वतीने केंद्रीय न्यायालयात दावा गेला; त्यांच्या वकिलांत पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल होते. दावा फेटाळला गेला. कर्जाची हमी देणाऱ्या सरकारी खात्यांवर घरविक्रीतला भेदभाव रोखण्याचं कर्तव्य संसदेने टाकलेलं नाही, हे त्यातलं कारण.

विल्यम लेव्हिटची बाजू त्याच्याच शब्दांत नोंदलेली आहे. तो ज्यू होता. १९५४ च्या सुमारास त्याने सांगितलं की ज्यू म्हणून वंशद्वेषाला माझ्या मनात जागा नाही; पण एक घर निग्रो कुटुंबाला विकलं तर माझे नव्वद-पंचाण्णव टक्के गोरे गिऱ्हाईक इथे घर घेणार नाहीत, आणि ही भूमिका त्यांची आहे, आमची नव्हे. आम्ही घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकत्र नाही, असंही तो म्हणाला. व्यवसाय शिकवणाऱ्या वर्गात हे वाक्य ठेवलं तर निम्मी मुलं मान डोलावतील, म्हणूनच ते नीट बघायला हवं. गिऱ्हाईक जाईल, हे त्याचं म्हणणं कदाचित खरं होतं. पण जाणार कुठे? त्या भावात, त्या हप्त्यात, त्या प्रमाणात घरं देणारा दुसरा माणूस आसपास नव्हता. देशात ज्या मोजक्या बिल्डरांना ही अट मोडून बघणं परवडलं असतं, त्यांत लेव्हिट सगळ्यात वर होता.

ऑगस्टमधल्या रात्री

कंपनीच्या व्यवस्थेत एक फट होती. पहिली विक्री कंपनीच्या हातात. पण एकदा घर विकलं की मालकाने पुढे ते कुणाला विकावं यावर तिचा इलाज नव्हता. ४३ नंबरचं घर असंच फेरविक्रीला होतं. शेजारच्या ३९ नंबरमध्ये राहणारं वेक्स्लर हे ज्यू, डाव्या विचारांचं जोडपं. हा व्यवहार जुळवण्यात त्यांचा आणि समतेसाठी काम करणाऱ्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या काही कार्यकर्त्यांचा हात होता. किंमत बारा हजार डॉलरच्या थोडी वर ठरली.

पहिल्या रात्रीनंतर गर्दी हटेना. दिवस मावळला की माणसं जमायची. त्यांत दंगेखोर तरुण होते, तसेच ऑफिसातून येऊन, जेवून, बायकोमुलांना घेऊन ‘काय चाललंय’ बघायला आलेले बापेही होते. मोटारी ओळीने, कासवाच्या चालीने घरावरून जायच्या. फोन रात्रभर वाजायचा. स्थानिक पोलीस मोजके आणि त्यांतल्या काहींना जमावाशी वाकडं नको होतं. शेरीफने मदत मागितली, गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्य पोलीस धाडले. ऑगस्टच्या २० तारखेच्या सुमारास जमावातून भिरकावलेला दगड एका पोलिसाला लागून तो बेशुद्ध पडला, तेव्हा कुठे लाठ्या बाहेर आल्या आणि रस्त्यावरची गर्दी पांगली.

मग छळाने घरबसल्या रूप घेतलं. मायर्सांच्या घराला लागून असलेलं एक रिकामं घर विरोधकांनी अड्डा म्हणून वापरायला घेतलं. त्यावर यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा झेंडा चढला. रात्री-अपरात्री दक्षिणेची गाणी मोठ्याने लावली जायची. हे पेनसिल्व्हेनियात, बरं का. लिंकनने गेटिसबर्गचं भाषण जिथे दिलं त्याच राज्यात. वेक्स्लरांच्या भिंतीवर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची तीन अक्षरं रंगवली गेली. त्यांच्या धमकीची खूण म्हणून क्रूस जाळले गेले. विरोधकांनी ‘लेव्हिटटाउन बेटरमेंट कमिटी’ काढली. नाव बघा: वस्तीची सुधारणा! बैठका, अर्ज, सह्या, सगळं रीतसर. दुसऱ्या बाजूने ‘सिटिझन्स कमिटी’ उभी राहिली. पाद्री, क्वेकर, ज्यू संघटना आणि साधे रहिवासी त्यात होते. काही जण पाळीपाळीने मायर्सांकडे बसायला यायचे, काहींनी मुलं सांभाळली, घरकामाला हात लावला. ही माणसंही त्याच साच्यातल्या घरांत, त्याच हप्त्यांवर राहत होती. म्हणून ‘साच्याची घरं, साच्याची माणसं’ हे त्या काळच्या टीकाकारांचं आवडतं सूत्र मला अर्धवट वाटतं. साचा घराचा होता. दगड उचलायचा की शेजारणीचं बाळ, हे माणसागणिक वेगळं निघालं.

दोन हजार डॉलर

त्या दिवसांत ‘लाइफ’ साप्ताहिकात एका शेजाऱ्याचं वाक्य छापून आलं. मायर्स बहुधा चांगलाच माणूस असेल, पण त्याच्याकडे बघितलं की दर वेळी माझ्या घराची किंमत दोन हजार डॉलरने घसरलेली मला दिसते, असा त्याचा आशय.

दहा-बारा हजारांच्या घरात दोन हजार म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा. कर्ज जवळपास पूर्ण किमतीचं, हाताशी शिल्लक नाही. घर हीच एकमेव जमा. भाव दोन हजारांनी पडला तर माणूस कागदावर कर्जबाजारी होतो, घर विकून निघूनही जाऊ शकत नाही. ही भीती खोटी नव्हती, आणि ती त्याच्या मनात उगवलेलीही नव्हती. काळा शेजारी आला की तारण कच्चं, हे त्याच्या सरकारने वीस वर्षं नियम म्हणून छापलं होतं. बँकेने तोच नियम मानला, बिल्डरने मानला, दलालांनी तर त्यावर धंदा केला. शेजाऱ्याच्या वाढलेल्या गवताने भाव पडतो हे शिकवणाऱ्या व्यवस्थेने शेजाऱ्याच्या कातडीबद्दलही तेच शिकवलं आणि दोन्ही धडे सारख्याच निष्ठेने पाठ झाले.

धडा चुकीचा होता, हे पुढे मोजून दाखवलं गेलं. १९६० मध्ये अमेरिकेतल्या अनेक शहरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काळी कुटुंबं राहायला आलेल्या आणि न आलेल्या वस्त्यांचे भाव त्यात ताडून पाहिले होते. बहुतेक ठिकाणी फरक नव्हता किंवा भाव वाढलेले होते. भाव पडायचा तो घबराटीने सगळ्यांनी एकदम घरं विकायला काढली की. म्हणजे ज्या गोष्टीची भीती, ती घडवायचं काम भीतीच करत होती.

पण सगळंच दोन हजारांवर ढकलणं म्हणजे त्या माणसाला फारच सांभाळून घेणं होईल. किमतीची काळजी असलेला माणूस मध्यरात्री ग्रामोफोन लावत बसत नाही, क्रूस जाळत नाही. जळता क्रूस बघून कुठल्या घराचा भाव वाढतो? हिशेबाच्या भाषेने द्वेषाला बसायला सभ्य खुर्ची दिली, असं मी म्हणेन. ‘मला तो आवडत नाही’ हे शेजारणीसमोर म्हणायची लाज वाटे. ‘घराचा भाव पडेल’ म्हणायची वाटत नसे.

आणखी एक सोईची भाषा हाताशी होती. तो शीतयुद्धाचा काळ. वेक्स्लर डावे, म्हणून हा सगळा कम्युनिस्टांचा डाव असल्याची कुजबुज पसरवणं सोपं गेलं. ज्याचं स्वतःचं घर आणि अंगण आहे तो कम्युनिस्ट होऊ शकत नाही, त्याला कामंच इतकी असतात, असं विल्यम लेव्हिट गमतीने म्हणत असे. मायर्सांनाही नेमकं तेच हवं होतं: घर, अंगण आणि कामं.

दोन वर्षांनी, २४ जुलै १९५९ ला, मॉस्कोच्या सोकोल्निकी बागेत भरलेल्या अमेरिकन प्रदर्शनात उपाध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना नमुन्याच्या घरातलं स्वयंपाकघर दाखवलं. हे घर १४ हजार डॉलरचं आहे आणि आमचा कुठलाही पोलादकामगार ते घेऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. हप्ता किती, मुदत किती, तेही सांगितलं. आकडे बरोबर होते. फेअरलेसच्या भट्ट्यांवर काळे कामगारही होते, तेवढा तपशील स्वयंपाकघरातल्या त्या वादात आला नाही.

मनाई हुकूम

हे प्रकरण मिटवलं ते चर्चेने नाही, कोर्टाने. ऑक्टोबर १९५७ मध्ये राज्याचे अॅटर्नी जनरल थॉमस मॅकब्राइड यांनी छळात पुढे असलेल्या काही रहिवाशांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला आणि ऑगस्ट १९५८ मध्ये तो कायम झाला. सरकारी यंत्रणेने ठाम पाऊल टाकल्यावर अड्डा, झेंडा, गाणी सगळं ओसरलं. पुढच्या वर्षी दुसरं काळं कुटुंब राहायला आलं तेव्हा ऑगस्टसारखं काही झालं नाही. गोऱ्या गिऱ्हाइकांनी गाशा गुंडाळल्याचंही दिसलं नाही.

लेव्हिटने मात्र यातून काही उचललं नाही. न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेव्हिटटाउनातही १९५८ मध्ये त्याने काळ्यांना घर न विकण्याचंच ठरवलं होतं. तिथे राज्याचा भेदभावविरोधी कायदा आडवा आला. लेव्हिट कोर्टात गेला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरला आणि १९६० मध्ये ती वस्ती सर्वांना खुली झाली. देशभर घरविक्रीतला भेदभाव बेकायदा व्हायला १९६८ उजाडावं लागलं. दरम्यान मधली वीस वर्षं निघून गेली होती. याच वीस वर्षांत अमेरिकन मध्यमवर्गाची मुख्य पुंजी, म्हणजे घर, स्वस्तात मिळत होतं. ७,९९० डॉलरला घेतलेल्या घरावर पुढे मुलांची कॉलेजं झाली, म्हातारपण निघालं, नातवंडांना वारसा गेला. ज्यांना १९५० मध्ये रांगेत उभंच राहू दिलं नाही, त्यांना १९६८ मध्ये दार उघडून दिलं खरं, पण तोवर भाव कुठल्या कुठे पोचले होते.

मायर्स कुटुंब १९६१ पर्यंत डीपग्रीन लेनवर राहिलं. मग बिलला नोकरी लागली म्हणून हॅरिसबर्गला आणि नंतर त्याच्या मूळ गावी, यॉर्कला. तिथे डेझी शिक्षणक्षेत्रात रमली, मुख्याध्यापिका झाली. बिल १९८७ मध्ये गेला.

डिसेंबर १९९९ मध्ये, डीपग्रीन लेन ज्या हद्दीत येते त्या ब्रिस्टल टाउनशिपच्या महापौरांनी डेझीला बोलावून घेतलं, गावाच्या वतीने जाहीर माफी मागितली आणि नगरकचेरीसमोरच्या ख्रिसमसच्या झाडाचे दिवे तिच्या हातून लावले. त्या झाडाला त्यांनी ‘मिस डेझी’ असं नाव दिलं. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि जिला महिन्याची असताना कडेवर घेऊन ती त्या घरात शिरली होती, त्या मुलीला बेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती.